पहाटे तीनलाच झोप उडते

प्रश्न : सोयाबीन पाण्यात गेल्यापासून आमचे मालक रात्री नऊला झोपतात, पण तीनलाच उठून ओसरीवर बसतात. जेवणावरही मन नाही. मेडिकलवरून झोपेची गोळी आणावी का?
(एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : नको. वेळेआधी जाग येणं आणि सकाळीच मन सर्वांत जड असणं, ही नैराश्याची ओळखीची खूण. नुसत्या गोळीनं मूळ दुखणं तसंच राहतं. त्यात दारू असेल तर धोकाच. २ आठवड्यांहून जास्त चाललंय? मग जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. औषधाचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. बरेच जण त्याआधीच सोडतात. नऊऐवजी साडेदहाला पाठ टेकवावी, उठायची वेळ रोज एकच. मरणाचं बोलले तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर फोन लावा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.