खुब्याच्या वाटीचं फ्रॅक्चर: आमचे डॉक्टर मागून ऑपरेशन म्हणतात, शेजाऱ्यांचं पुढून झालं, बरोबर कुठलं?

तुम्ही लिहिलंय की गाडीच्या धडकेत भावाचं 'ट्रान्सव्हर्स विथ पोस्टेरियर वॉल' (वाटी आडवी तुटली आणि मागची भिंतही फुटली) झालंय आणि शेजाऱ्यांचं "असंच" फ्रॅक्चर पोटाकडून, म्हणजे पुढून केलं. असंच नसणार हो, घोळ तिथंच आहे. मी कोल्हापुरात हाडांचा सर्जन आहे, हायवेचे पेशंट बारा महिने आणि ऊस सुरू झाला की ट्रॉलीला धडकलेले वेगळे, त्यामुळं हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात.

वाटीला पुढचा आणि मागचा असे दोन कॉलम, म्हणजे हाडाचे खांब असतात, कडेला भिंती. ज्यूडे आणि लेतूर्नेल या फ्रेंच सर्जननी १९६४ मध्ये याचे १० प्रकार पाडले, ५ साधे ५ मिश्र, आणि आजही आम्ही तेच वापरतो. भावाचं मिश्रातलं. गुडघा डॅशबोर्डवर आपटला की मांडीच्या हाडाचा गोळा मागची भिंत फोडून बाहेर येतो, आणि तो भिंतीचा तुकडा पुढून नीट बसवताच येत नाही, म्हणून मागून, कोखर-लांगेनबेक पद्धतीनं जायचं. पायाकडं जाणारी मोठी सायटिक नस तिथंच असते, त्यामुळं पाऊल वर उचलता येतंय का हे ऑपरेशनच्या आधीच बघून लिहून ठेवायला सांगा. शेजाऱ्यांचा बहुतेक पुढचा कॉलम सरकला असणार, तिथं इलिओइंग्विनल नाहीतर स्टोप्पा या पुढून जायच्या पद्धती, आणि तिकडची भीती रक्तवाहिन्यांची. थोडक्यात, हाड जिकडं जास्त सरकलंय तिकडून जायचं, डॉक्टरची आवड हा नंतरचा भाग.

पेल्विसची रिंग (कमरेच्या हाडांचं कडं) तुटणं हे प्रकरण वेगळं, त्याचं टाइल किंवा यंग-बर्जेस वर्गीकरण, आणि तिथं पहिली काळजी रक्तस्रावाची. तो रोखायचा पट्टा कंबरेला बांधतात लोक, तो खाली, मांडीच्या वरच्या बाहेर आलेल्या हाडांवर पाहिजे.

आता डॉक्टरांना एवढंच विचारा, की गोळा जागेवर बसवलाय का (हे तासांचं काम आहे, दिवसांचं नाही) आणि सीटीत सांध्यात तुकडा अडकलेला दिसतोय का. ऑपरेशन शक्यतो २ आठवड्यांच्या आत करून घ्या, ३ आठवडे उलटले की हाड वाकडंच जुळायला लागतं आणि सांधा मिलिमीटरमध्ये बसवणं लई अवघड होतं. नंतर साधारण २-३ महिने पायावर पूर्ण वजन नाही, मांडी घालून बसायचं डॉक्टर सांगेपर्यंत विसरा, आणि घरात कमोड नसला तर खुर्चीवाला आत्ताच आणून ठेवा.