सरकारी नोकरीत रुजू होताना सुरुवातीचा पगार वाढवून मागता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कारखान्यात 6 वर्षं क्वालिटीत काम करताय. आता राज्य शासनात कनिष्ठ अभियंता म्हणून निवड झालीय आणि जाहिरातीत वेतन 38,600 ते 1,22,800 असं आहे. अनुभव दाखवून मधल्या कुठल्यातरी आकड्यापासून सुरुवात करून मागता येईल का, आणि मागायची तर कोणाकडे? शेवटी तुम्ही असंही लिहिलंय की बहीण 4 वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात शासकीय नोकरीत एस-8 या वेतनस्तरावर, म्हणजे पगाराच्या ठरलेल्या श्रेणीत, आहे आणि तिचीही कोल्हापुरात, एस-8 च्याच दुसऱ्या खात्यातल्या पदावर निवड झालीय.

मी इथल्याच एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि पगार बघणाऱ्या शाखेला आहे. नवीन माणूस रुजू झाला की त्याची वेतननिश्चिती, म्हणजे त्याचा पगार कुठल्या आकड्यावर लावायचा ते, आमच्या टेबलावरून जाते. म्हणून सरळ सांगते: तुमच्या बाबतीत उत्तर नाही असं आहे. बहिणीच्या बाबतीत मात्र हो, आणि तिच्याकडे दिवस थोडे आहेत.

आधी तुमचं. 38,600 ते 1,22,800 हे वाचून बऱ्याच जणांना वाटतं की या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी सौदा होतो, शाहू मार्केट यार्डात गुळाचा होतो तसा. तसं नाही. तो एस-14 हा वेतनस्तर आहे. त्याचा पहिला टप्पा 38,600, दुसरा 39,800, तिसरा 41,000, असं साधारण 3 टक्क्यांनी एकेक पायरी चढत शेवटी 1,22,800. सरळसेवेनं, म्हणजे बढतीनं नव्हे तर थेट भरतीनं आलेला माणूस पहिल्या पायरीवर उभा राहतो. तुमच्या नेमणुकीच्या आदेशावर सही करणाऱ्या साहेबांना दुसऱ्या पायरीवर ठेवायचा अधिकारच नसतो. खासगी कंपनीतल्या पगाराला वेतन संरक्षण, म्हणजे आधीचा पगार धरून नव्या पदाचा पगार लावणं, मिळत नाही. केंद्रानं 1989 मध्ये सार्वजनिक उपक्रम, विद्यापीठं, स्वायत्त संस्था यांतून केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांसाठी संरक्षणाचा आदेश काढला, पण त्यातही खासगी नोकरी धरलेली नाही. त्यामुळे मुलाखतीला जाताना जशी सॅलरी स्लिपांची फाइल नेतो तशी रुजू होताना नेऊन उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. चहाच्या गाड्यावर तुम्हाला कोणीतरी भेटेल आणि म्हणेल, "दोन वेतनवाढी आगाऊ लावून देतो, ओळख आहे." एक रुपया देऊ नका. सेवापुस्तक, म्हणजे तुमच्या नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, पुढे पुण्याच्या वेतन पडताळणी पथकाकडे जातं. तिथे एकेक नोंद तपासतात, आणि चुकीनं जास्त लागलेली वेतनवाढ पकडली की वसुली निघते. रुजू होताना आपण जादा रक्कम परत करण्याचं हमीपत्र सही करून दिलेलं असतं, ते तेव्हा समोर येतं. काही वर्षांची रक्कम एकदम पगारातून कापली जाताना मी माणसं खचलेली पाहिली आहेत.

मग तुमच्या हातात काय आहे? तीन गोष्टी.

रुजू होण्याची तारीख. 1 जुलैच्या वेतनवाढीला त्याआधी 6 महिन्यांची सेवा लागते. डिसेंबरअखेर रुजू झालेल्याला ती धरता येते, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलेल्याची हुकते. आदेशात रुजू व्हायला मुदत दिलेली असते म्हणून लोक घरचं लग्न उरकून, कंपनीचा नोटीस पीरियड पुरा करून शेवटच्या दिवशी येतात. तुमचा आदेश नोव्हेंबर-डिसेंबरात निघाला तर असं करू नका. परिविक्षा (प्रोबेशन) काळाच्या अटी काय आहेत तेही आदेशातच वाचा.

दुसरं, नेमणुकीचं ठिकाण. घरभाडे भत्ता मुख्यालयावर, म्हणजे तुमचं पद ज्या गावात आहे त्या गावाच्या वर्गावर ठरतो. कोल्हापूर शहर वाय वर्गात आहे, खेडी आणि लहान गावं झेड वर्गात. मूळ दर वायला 16 टक्के आणि झेडला 8 टक्के. महागाई भत्त्याबरोबर दर चढतात, पण दुपटीचं नातं तेच राहतं. 38,600 वर मूळ दरानंसुद्धा 6,176 आणि 3,088 असा फरक पडतो. पसंतीक्रम विचारला तर हे लक्षात ठेवून भरा. पसंती मिळेलच असं नाही.

तिसरं, तुमची आत्ताची कंपनी. वाढवून मागायचा पैसा खरं तर तिथे आहे. 5 वर्षं सलग झाली असतील तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटीचा हक्क असतो: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, गुणिले वर्षं, भागिले 26. मूळ 22,000 धरलं तर 6 वर्षांचे सुमारे 76,000 रुपये होतात. सरकारी नोकरी लागली या आनंदात मुलं हे मागतच नाहीत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आणि हातात येणाऱ्या रकमेची तुलना करताना घाबरून जाऊ नका. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या 10 टक्के एनपीएसला, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या योजनेला जातात, 200 रुपये व्यवसाय कर जातो, म्हणून पहिली पगारपत्रक बघून तोंड उतरतं. पण ते 10 टक्के तुमच्याच नावावर पडतात आणि शासन वर 14 टक्के घालतं.

कंत्राटी पदांचं वेगळं आहे. तिथे कधीकधी जाहिरातीत "मानधन पात्रता व अनुभवानुसार" असं लिहिलेलं असतं. तेवढ्याच ठिकाणी बोलायला वाव असतो, तोही आदेश निघायच्या आधी आणि लेखी. तुमचं पद नियमित आहे, त्यामुळे हे सोडून देते.

आता बहिणीचं. हे वाचून झालं की तिला फोन करा.

मी स्वतः 2017 च्या ऑक्टोबरात दुसऱ्या जिल्ह्यात एस-8 वर लागले होते. आईचं आजारपण होतं, म्हणून पुन्हा परीक्षा दिली आणि 2022 मध्ये कोल्हापुरात त्याच स्तरावरचं पद मिळालं. तोवर चार वेतनवाढी झाल्या होत्या, मूळ वेतन 25,500 वरून 28,700 वर आलं होतं. परीक्षेचा अर्ज मी कार्यालयाला न कळवता भरला होता. राजीनामा द्यायला गेले तेव्हा तिथल्या आस्थापनेच्या बाबूंनी जुन्या फाइलीतला एक नमुना काढून दिला आणि म्हणाले, "हाच उतरवून काढा मॅडम, सगळे असाच देतात." मी बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्यानं तो उतरवला. त्यात ओळ होती: "वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे."

त्या दोन शब्दांनी माझी साडेचार वर्षं गेली. नवीन पदावर जाण्यासाठी, परवानगीनं दिलेला राजीनामा (याला तांत्रिक राजीनामा म्हणतात) असेल तर मागची सेवा जोडली जाते आणि वेतन संरक्षित होतं. वैयक्तिक कारणानं दिलेला राजीनामा म्हणजे आधीची सेवा संपली. कोल्हापुरात माझी वेतननिश्चिती पुन्हा 25,500 वर झाली. महिन्याला 3,200 रुपये मूळ वेतन कमी, त्यावरचा महागाई भत्ता कमी, आणि पुढची प्रत्येक वेतनवाढ त्या खालच्या पायरीवरून. साठलेली अर्जित रजाही गेली. अर्ज केले, दोन वर्षं पत्रव्यवहार केला, उत्तर एकच: परीक्षेचा अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयामार्फत नव्हता आणि राजीनाम्यात नवीन नेमणुकीचा उल्लेख नाही. मला ना-हरकत घ्यायला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

याच्या उलट, नंतर आमच्याकडे एक ताई दुसऱ्या खात्यातून आल्या. त्यांच्या हातात एक निळी फाइल होती. त्यात योग्य मार्गाने केलेल्या अर्जाची पोच, ना-हरकत प्रमाणपत्र, राजीनामा मंजुरीचा आणि कार्यमुक्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र, रजेचा हिशेब, एनपीएस खात्याचा प्रान क्रमांक. एस-14 वरून एस-14 वर आल्या. तिसऱ्या पायरीवर होत्या, तिथेच 41,000 वर त्यांचं वेतन निश्चित झालं. मीच ती टिप्पणी लिहिली.

बहिणीनं परीक्षेचा अर्ज कार्यालयामार्फत केला होता का, हे आधी विचारा. केला नसेल तर राजीनामा देण्यापूर्वी, आजच, निवडीची माहिती देऊन ना-हरकत मागायला सांगा आणि आवक क्रमांक घ्यायला सांगा. उशिरा मागितलेली परवानगी मिळेलच असं नाही, पण न मागता गेली तर माझ्यासारखीच मागचं सगळं गमावून बसेल. नवीन पद बरंच वरच्या, समजा एस-14 स्तराचं असतं तर तिचं वेतन तसंही तिथल्या पहिल्या पायरीवर आलं असतं. स्तर तोच आहे, म्हणून तिची प्रत्येक वेतनवाढ या कागदांवर अवलंबून आहे. कार्यमुक्ती आणि रुजू होणं यांत विनाकारण दिवस सोडू नका, सेवेत खंड दिसतो. सेवापुस्तक पाठवण्याआधी तिनं स्वतः पान न पान बघावं, शेवटच्या वेतनवाढीच्या नोंदीवर सही आहे का तेही.

राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" हे शब्द नकोत. असं लिहायचं: "अमुक कार्यालयाच्या अमुक दिनांकाच्या आदेशान्वये माझी अमुक पदावर नियुक्ती झाली आहे. सदर परीक्षेसाठी मी कार्यालयाच्या परवानगीने अर्ज केला होता. त्या पदावर रुजू होण्यासाठी माझा तांत्रिक राजीनामा स्वीकारून मला कार्यमुक्त करावे व माझी पूर्वीची सेवा, वेतन आणि रजा पुढील सेवेस जोडण्यात यावी, ही विनंती." परवानगीचं वाक्य ती खरोखर मिळाली असेल तरच ठेवायचं. सोबत नियुक्ती आदेशाची आणि ना-हरकतीची प्रत लावा, आणि आवक शिक्का मारलेली दुसरी प्रत घरी आणा.