कोकोचं वाक्य कोणी लिहिलं?

प्रश्न : बाई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. कोको नावाची गोरिला हातांच्या खुणा करून 'मी निसर्ग आहे, पृथ्वी वाचवा' असं सांगते. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा म्हणतो, सगळी बनवाबनवी. वानरांना खुणांची भाषा शिकवण्याच्या अशा संशोधनात विज्ञान किती आणि हौस किती, हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : व्हिडिओपुरतं म्हणाल तर मुलाचं बरोबर आहे. तो २०१५च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळचा. मजकूर माणसांचा आणि चित्रणाचे तुकडे जोडलेले, हे कोकोच्या संस्थेनंच सांगितलं होतं. पण तेवढ्यावरून सगळ्याच संशोधनाला बनवाबनवी म्हणणं मला पटत नाही.

मी कॉलेजात मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. मुलांना सांगायची, निष्कर्ष राहू द्या, आधी नोंदवही मागा. नोंद कोणी केली? त्याला अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक होतं का? परक्या माणसाला ती वही बघायला मिळते का?

ही सवय लागली ती बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्यामुळे. तो टापा आपटून गणितं सोडवायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सही चुकतो. तो समोरच्याच्या मानेची बारीकशी हालचाल टिपत होता. आपल्या नंदीबैलाची मान मालकाच्या इशाऱ्यावर हलते हे पोरासोरांनाही कळतं. हान्सच्या मालकाला मात्र आपण इशारा देतोय याचा पत्ताच नव्हता. प्रामाणिक माणूसही असा फसतो, म्हणून वही हवी.

निम चिम्पस्कीची गोष्ट मला या सगळ्यात मोलाची वाटते. भाषा ही फक्त माणसाची, असं मानणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींना चिमटा काढायला ठेवलेलं हे चिंपांझीचं नाव. कोलंबिया विद्यापीठाच्या हर्बर्ट टेरेस यांनी १९७३ साली जन्मलेल्या निमला सव्वाशेच्या आसपास खुणा शिकवल्या. दोन किंवा अधिक खुणा जोडून केलेल्या १९ हजारांवर उक्ती नोंदवल्या. आकडे बघून टेरेस यांनाही वाटलं, वाक्यरचना सापडली. मग त्यांनी चित्रफिती सावकाश फिरवून पाहिल्या. शिक्षकानं नुकतीच केलेली खूणच निम बऱ्याचदा परत करत होता, तीही शिक्षकाचं पुरं व्हायच्या आत. त्याची सर्वांत लांब उक्ती १६ खुणांची : 'दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू'. लांबी वाढली, मजकूर तिथंच. १९७९ साली टेरेस यांनी आपलाच दावा 'सायन्स' या नियतकालिकात मोडीत काढला. निमचे शिक्षक सारखे बदलत होते, त्यानं शिकावं तरी कसं, हा त्यावरचा आक्षेपही रास्तच होता. पण तो घेता आला, कारण वही उघडी होती.

वॉशो या चिंपांझीनं हंस पाहून 'पाणी' आणि 'पक्षी' अशा खुणा केल्या, म्हणजे नवा शब्द घडवला, असं सांगतात. अहो, समोर पाणीही होतं आणि पक्षीही! अशी एकुलती एक आठवण पुरावा म्हणून चालत नाही. मात्र वॉशोला सांभाळणाऱ्या गार्डनर दांपत्यानं तिला पारदर्शिका (स्लाइड्स) दाखवून चाचण्या घेतल्या, त्यात खूण नोंदवणाऱ्याला चित्र दिसत नसे. चित्राला नाव देणं तिला येत होतं, हे मी मान्य करते.

कोकोच्या बाबतीत माझा हात आखडतो. १९९८च्या ऑनलाइन गप्पांत तिनं 'निपल' (स्तनाग्र) अशी खूण केली. तिला शिकवणाऱ्या फ्रान्सीन पॅटरसन यांनी खुलासा केला, की तिला 'पीपल' (लोक) म्हणायचंय, यमक जुळवतेय ती! उत्तर चुकलं तरी विनोद म्हणून बरोबर धरायचं ठरवलं, तर नापास कोण होणार?

याउलट कान्झी हा बोनोबो, म्हणजे चिंपांझीचा जवळचा भाईबंद. संशोधक सू सॅव्हेज-रम्बॉ यांनी त्याला ६६० तोंडी सूचना दिल्या, बऱ्याचशा एकतर्फी काचेआडून, म्हणजे चेहरा बघून ओळखायची सोय नाही. सूचनाही चमत्कारिक, खेळण्यातल्या कुत्र्याला सापाला चावायला लाव अशा. त्यानं सुमारे ७२ टक्के बरोबर केल्या. त्याच चाचणीत दोन वर्षांच्या मुलीनं ६६ टक्के. तरी दोन वस्तू एकदम आण म्हटलं की तो बहुधा एकच आणायचा. बोललेलं त्याला पुष्कळ समजत होतं असं मी म्हणेन. माणसासारखं व्याकरण होतं असं नाही म्हणणार.

प्रश्न : असे प्रयोग आता का होत नाहीत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : निमचं पुढं काय झालं ते वाचा. माणसांच्या घरात वाढलेला हा प्राणी १९८२ साली औषधांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत पोचला होता. ओरडा झाला तेव्हा टेक्सासच्या एका आश्रयस्थानात त्याची रवानगी झाली. पिल्लू आईपासून तोडून घरात वाढवायला आज कोणती नीतिसमिती परवानगी देईल? आता संशोधक युगांडाच्या बुडोंगो जंगलात बसून चिंपांझींच्या स्वतःच्या हातवाऱ्यांचं चित्रण करतात आणि समोरच्यानं पुढं काय केलं यावरून अर्थ लावतात. मला हे काम जास्त भरवशाचं वाटतं.