लेक म्हणते, "मला परत नेऊन सोडा"

प्रश्न : आम्ही दोघे मूळचे पुण्याचे, पण बरीच वर्षे जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. पुण्यातील एका संस्थेतून आठ वर्षांच्या मुलीला आम्ही दत्तक घेत आहोत. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाले आहे, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश व्हायचा आहे, आणि तोपर्यंत ती दत्तकपूर्व संगोपनासाठी आमच्याबरोबर कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. सुरुवातीला ती इतकी शहाण्यासारखी वागली की सगळे कौतुक करत होते. न सांगता ताटेसुद्धा घासायची. मागच्या रविवारी सासूबाईंकडे सगळे नातेवाईक तिला पाहायला जमले. घरी आल्यावर तिने पाण्याची बाटली भिंतीवर फेकली आणि "मला परत नेऊन सोडा" म्हणून रात्रभर रडली. तेव्हापासून हे रोजचे झाले आहे. तिच्या उशीखाली रुमालात गुंडाळलेल्या पोळ्या सापडल्या, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. माझ्या यजमानांच्या जवळ ती जात नाही आणि त्यांची रजा तर संपत आली आहे. सासूबाई म्हणतात, तिला आता संस्थेत अजिबात नेऊ नका, म्हणजे विसरेल. हे दिवस अगदी अधांतरी वाटतात. आणि सांगायला लाज वाटते, पण मला अजून तिच्याबद्दल आईची माया वाटत नाही. आदेश होण्यापूर्वी पुन्हा विचार करावा का?
— एक वाचक, सध्या कोथरूड

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो मनात असताना बाकीचे काही वाचणे तुम्हाला जड जाईल. तुम्ही जे लिहिले आहे, त्यात हा निर्णय मागे घ्यावा असे मला काहीही दिसत नाही. मोठ्या वयाचे मूल नव्या घरी येते, काही दिवस डोळ्यांत भरण्याइतके शहाण्यासारखे वागते आणि मग एके दिवशी त्याचा बांध फुटतो, हे अशा दत्तकविधानात नेहमी घडणारे आहे. न सांगता ताटे घासणारी मुलगी सुखातच असते असे समजू नका. आपण उपयोगी पडलो तर ही माणसे आपल्याला ठेवून घेतील, असा हिशेब त्या शहाणपणामागे असू शकतो. आता ती रडते, वस्तू फेकते, याचा अर्थ ती फार घाबरलेली आहे आणि ती भीती तुमच्यासमोर बाहेर काढण्याइतका तिला तुमचा आधार वाटू लागला आहे.

"मला परत नेऊन सोडा" या वाक्याने तुमच्या काळजाला घरे पडली असणार. पण त्यावर तिकडची शाळा, स्वतंत्र खोली, बर्फ, विमान यांचे वर्णन करू नका. ती तुमच्याशी घासाघीस करत नाही. तिच्यासाठी आपले म्हणावे असे जेवढे होते तेवढे मागे राहिले आहे आणि त्याचे तिला दुःख होते आहे. जवळ बसा आणि थोडक्यात सांगा, "तुला तिथली आठवण येते, ते मला कळतं. तू आमच्याबरोबरच राहणार आहेस. शनिवारी आपण तिथे सगळ्यांना भेटायला जाऊ आणि संध्याकाळी घरी येऊ." हेच शब्द पुन्हा पुन्हा, त्याच शांतपणे सांगावे लागतील. ती पुढेही अनेकदा विचारेल, कारण उत्तर बदलते का हे तिला पाहायचे असेल.

यातून सासूबाईंच्या सल्ल्याबद्दल माझे मत तुमच्या लक्षात आले असेल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण आठ वर्षांचे मूल विसरत नाही. ते फक्त बोलायचे थांबते, आणि आपल्या आठवणी या घरात चालत नाहीत एवढे मात्र शिकते. नव्या घराची किंमत म्हणून तिच्याकडून जुने घर काढून घेऊ नका. ज्या मावशींनी तिला तापात मांडीवर घेतले, ज्या लहान मुलीला ती झोपवायची, ती तिची माणसे आहेत. संस्थेतील समाजसेविकेशी बोलून भेटीचा एक वार ठरवा, निघण्यापूर्वी परत येण्याची वेळ तिला सांगा आणि ती वेळ काटेकोरपणे पाळा. पहिल्या भेटीनंतर ती अधिक रडेल, कदाचित यायलाच नकार देईल, पण म्हणून भेटी बंद करू नका.

हे दिवस अधांतरी आहेत असे तुम्ही म्हणता, ते कागदपत्रांच्या बाबतीत खरे आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर पासपोर्ट, परदेशी दत्तकविधानाविषयीच्या आंतरराष्ट्रीय हेग करारानुसार मिळणारे प्रमाणपत्र आणि मग व्हिसा. या रांगेत तुमच्या हाती फारसे काही नाही. परंतु मुलीच्या बाजूने पाहिले तर हाच काळ सर्वांत मोलाचा आहे. तुम्हाला ती नवीन असली तरी गाव तिचे आहे, भाषा तिची आहे, हवा ओळखीची आहे, गाडीवाल्याची आरोळी ओळखीची आहे. एकाच दिवशी माणसे, घर, भाषा आणि देश असे सगळे बदलण्याचा प्रसंग अनेक मुलांवर आला. तुमच्या मुलीला ते टप्प्याटप्प्याने मिळते आहे. हे आठवडे कसे संपतील याची वाट पाहण्यापेक्षा निरोपासाठी त्यांचा उपयोग करा. तिला बरोबर घेऊन एक वही तयार करा. तीत संस्थेचे फाटक, तिचा पलंग, झोपाळा, जेवणाची जागा यांचे फोटो संस्थेच्या परवानगीने चिकटवा आणि प्रत्येकाखाली ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा. (ते फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका. संस्थेतील मुलांची ओळख उघड होईल असे काही प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याची मनाई आहे, आणि तुमच्या मुलीची कहाणीही तिची स्वतःची आहे.) संस्थेतील ज्या लहान मुलीला ती झोपवायची, तिला "तुलाही नेऊ" असे आश्वासन कोणीही देता कामा नये. पुढे फोन करता येईल का हे संस्थेला विचारा आणि जेवढे नक्की पाळता येईल तेवढेच कबूल करा.

आता रविवारच्या जमावाविषयी. एवढी माणसे तिला "पाहायला" आली, हेच मुळात चुकले. मोठ्यांच्या दृष्टीने ते कौतुक होते, पण संस्थेतील मुलाने पाहायला येणारी माणसे पूर्वीही पाहिलेली असतात. त्यातली काही पुन्हा कधी येत नाहीत, हेही त्याला ठाऊक असते. पुढचे काही आठवडे घरी येणारी माणसे मोजकीच ठेवा. सासूबाई येऊ द्यात, पण एकट्या, आणि हातात भेटवस्तू न घेता. त्यांनी तिच्याबरोबर बसून शेंगा सोलल्या तरी पुरे.

नातेवाइकांना दोन गोष्टी मात्र तुमच्या यजमानांनी स्पष्टपणे सांगायला हव्यात. पहिली, तिच्या बोलण्यात सुधारणा करायची नाही. तुम्ही पत्रात तसे लिहिलेले नाही, पण पुण्यातील घरे मला माहीत आहेत. मुलगी "पानी" म्हणाली की चार जण "पाणी म्हणावं" असे हसत सांगतात. ज्या बोलीत तिला कोणीतरी जोजवले असेल, ती बोली चुकीची असल्याचे तिला नव्या घरात सर्वांत आधी ऐकायला मिळू नये. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आपल्याकडे लहान मुलांना "त्रास दिलास तर बोहारणीला देऊन टाकू" असे गमतीने म्हणण्याची जुनी रीत आहे. तुमच्या घरात हे वाक्य कोणाच्याही तोंडून, गमतीतसुद्धा निघता कामा नये, आणि "अशी वागलीस तर परत पाठवू" हे तर अत्यंत रागाच्या क्षणीही नाही. ज्या मुलाला खरोखरच एकदा सोडावे लागले आहे, त्याला ती गंमत कळत नाही.

पोळ्यांची गोष्ट वाचून मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. संस्थेत जेवण ठरल्या वेळी आणि ठरावीक वाढपाने मिळते. मध्येच भूक लागली म्हणून उठून डबा उघडावा, असे तिथे घडत नाही. तिच्या आधीच्या आयुष्यात तर अन्नाची खात्री नसण्याचीही शक्यता आहे. ही चोरी नव्हे, तेव्हा तो शब्द घरात येऊ देऊ नका आणि उशीखालच्या पोळ्यांवरून प्रवचनही नको. तिच्या हाताला येईल अशा फळीवर झाकणाचा एक स्टीलचा डबा केवळ तिचा म्हणून ठेवा. त्यात चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खारे शेंगदाणे असे टिकणारे काहीतरी असू द्या, तिला विचारल्याशिवाय त्याला कोणी हात लावू नका, आणि तो अर्धा झाला की तिच्यादेखत पुन्हा भरा. सुरुवातीला ती एका बैठकीत तो संपवील. काही दिवसांनी नुसते झाकण उघडून पाहील आणि पुन्हा लावून ठेवील. स्टुटगार्टला जाताना हाच डबा बरोबर न्या.

यजमानांपासून ती दूर राहते, याचे त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. संस्थेत मुलींचा सांभाळ बहुतेक स्त्रियाच करतात, त्यामुळे घरात रात्रंदिवस वावरणारा पुरुष ही तिच्यासाठी नवी गोष्ट असू शकते. त्यामागे काही वेगळी भीती आहे असे वाटले, तर स्वतः खोदून न विचारता समुपदेशकाकडे जा. यजमानांनी तिला समोर बसून बोलायला लावण्यापेक्षा तिच्या बाजूने चालावे. सकाळी तिघांनी दूध आणायला जावे, कधी तळजाईवर फिरायला जावे, भाजीची पिशवी तिच्या हाती द्यावी. त्यांची रजा वाढवता आली तर जरूर वाढवावी. थोड्या पगाराचे नुकसान सोसून ती मिळत असेल तरी घ्यावी असे मी म्हणेन. जावेच लागले तर आठवडाभर आधी तिला सांगा, कॅलेंडरवर दिवस दाखवा आणि निरोप तिच्यासमोर घ्या. ती झोपलेली असताना निघून जाऊ नका. नंतर रोज एकाच वेळी व्हिडिओ कॉल करा. पुण्यात रात्री साडेआठ म्हणजे तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच आणि हिवाळ्यात चार. त्यांनी तिला जिना, खिडकीबाहेरचे झाड, तिची खोली दाखवावी. ती फोनसमोर आली नाही तरी कॉल त्याच वेळी यावा.

आणि तुमची माया. ती अजून वाटत नाही याची लाज बाळगू नका. तुम्ही या मुलीला बाळ म्हणून हातात घेतलेले नाही. आठ वर्षांचे आयुष्य घेऊन एक व्यक्ती तुमच्या घरी आली आहे आणि तुम्ही दोघी एकमेकींना अनोळखी आहात. पोटच्या मुलाबाबतही अनेक आयांची माया पहिल्या दिवशी येत नाही, फक्त ते कोणी बोलत नाही. तुम्हाला सध्या माया वाटण्याची सक्ती नाही. काळजी घेण्याची आहे, आणि ती तुम्ही घेत आहात. रविवारी तिच्या डोक्याला तेल लावून द्या, ती तयार असेल तर. पाठमोरे बसायचे असते, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, हात मात्र ओळखीचा होतो; अशा कामांतून दोघींनाही जवळ येता येते. नको म्हणाली तर बाटली तिच्या हाती देऊन बाजूला व्हा. दिवसातून तासभर तिला यजमानांकडे किंवा सासूबाईंकडे सोपवून तुम्ही एकट्या बाहेर जात जा. थकलेल्या माणसाला कुणाचीच माया वाटत नाही.

हे सगळे संस्थेतील समाजसेविकेला सांगितले आहे का? पत्रावरून तरी तसे वाटत नाही. आपण तक्रार केली तर मुलगी काढून घेतील, या भीतीने पालक गप्प बसतात आणि मदत मिळू शकते तेव्हाच ती हुकते. रविवारच्या प्रसंगासकट सर्व काही सांगा. आदेशापूर्वी मुलीच्या इच्छेचा, तिचे वय आणि समज पाहून, विचार व्हावा अशी कायद्यात तरतूद आहे. म्हणून कोणी विचारल्यास काय सांगायचे हे तिच्याकडून पाठ करून घेऊ नका. ती "मला ताईची आठवण येते" म्हणाली, तर ते तुमच्या विरुद्ध जात नाही. तिचे नाव बदलण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्या. आडनाव जोडले की पुरे.

जर्मन शिकवण्याची घाई नको. तिकडे अनेक शाळांत नवी भाषा घेऊन येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वर्ग असतात आणि या वयात मुले भाषा भराभर उचलतात. परदेशी दत्तक गेलेल्या कित्येक मुलांना रागवायलाही आपली भाषा उरली नाही. तुमच्या लेकीला घरात मराठीत भांडता येईल. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्या संध्याकाळी तिला फार अवघड जातील, तेव्हा तुम्ही दोघांपैकी एकजण पहिले काही महिने घरी असेल अशी व्यवस्था आत्ताच करा. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तिच्या प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. त्या भेटींसाठी येणाऱ्या कर्मचाऱ्यांपासून वाईट दिवस लपवू नका. आणि निघण्यापूर्वी पुण्यातच एखाद्या मराठी बोलणाऱ्या बालसमुपदेशकाची तिच्याशी दोन-तीनदा प्रत्यक्ष भेट घडवा, म्हणजे स्टुटगार्टहून व्हिडिओवर बोलताना तिच्यासमोरचा चेहरा अनोळखी नसेल.