चेहरा राहू दे, आधी पाय काढा

चर्चच्या हॉलसाठी येशूचं, आपल्या कोल्हापूरच्या मातीतलं वाटेल असं तीन बाय चार फुटांचं चित्र करायचंय, गुड फ्रायडेच्या आत द्यायचंय आणि पंधरा दिवस नेटवर चित्रं बघूनही काही सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सुचणार कसं? निळे डोळे, सोनेरी केस, डोक्यामागं उजेडाचं कडं, हे कॅलेंडरवाल्यांनी आपल्या डोळ्यांत इतकं मुरवलंय की ब्रश हातात घेतला की तेच उतरतं. फोन बाजूला ठेवा, योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडा आणि मोठ्यानं वाचा. घरात कोणी हसलं तर हसू दे.

येशू जेवणावरून उठतो, अंगावरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल गुंडाळतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुवायला बसतो. आता हे कोल्हापुरात बसून बघा. लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो, वारकरी दारात आला की त्याच्या पायांवर पाणी घालतात. ज्याचा मान मोठा, त्याचे पाय धुवायचे, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथं तर गुरूच खाली बसलाय. त्याचा शिष्य पेत्र उगाच नाही ‘माझे पाय धुवायचे नाहीत’ म्हणून अडून बसत.

बारा जण, म्हणजे चोवीस पाय. त्यात येशूला धरून देणाऱ्या यहूदाचेही दोन, कारण तो उठून बाहेर जातो ते पाय धुऊन झाल्यावर. त्याचे कुठले, ते चित्रात सांगू नका. काळी सावली, वाकडी बोटं वगैरे तर मुळीच नको. बघणारा शोधत बसू दे.

दाराशी तेरा जोड्या काढा, बारा शिष्यांच्या आणि एक येशूची. बाप्तिस्मा करणारा योहान येशूबद्दल म्हणतो की त्याच्या पायतणाचा बंद सोडायचीही माझी लायकी नाही. मराठी बायबलातला हा ‘पायताण’ शब्द दुसऱ्या गावी पुस्तकी वाटत असेल, आपण रोज वापरतो. भांडणात जरा जास्तच. पण चप्पल लाइनीत, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, टांगलेली कोरी करकरीत जोडी समोर ठेवून काढू नका. रोज शेतात जाणाऱ्या कुणाची तरी मागून आणा. टाच एका अंगाला खचलेली असते, अंगठ्याखाली काळा खळगा पडलेला असतो, पट्टा घामानं गडद होऊन कडेला उसवलेला असतो. पायही तसेच हवेत, भेगांत माती बसलेले. संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर बसलात तर तासाभरात वही भरते. माणसं पाय बुडवून निवांत बसलेली असतात, कोणी हलत नाही.

एक चूक मात्र करू नका, ती माझी करून झालीय. पहिल्याच चित्रात मी येशूला कोल्हापुरी फेटा चढवला. आमच्या मंडळीतल्या एका आजींनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “नवरदेव कोण रे हा?” ते चित्र अजून माळ्यावर आहे. नुसते कपडे बदलले की फॅन्सी ड्रेस होतो. मातीचा, कातड्याचा, पितळेवरच्या उजेडाचा रंग इथला असला की कपड्यांकडं फारसं लक्षही जात नाही.

चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं बघितली नसतील तर बघा, पण काम अर्धं झाल्यावर, नाहीतर त्यांचीच नक्कल होईल. 1902 साली गोव्यात जन्मले, शांतिनिकेतनात शिकले, पुढं पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलं. त्यांची मरिया, येशूची आई, साडीत असते. गोव्यातल्या धर्मगुरूंनी त्यावरून त्यांना बरंच सुनावलं होतं. आज बघताना ती साडी वेगळी म्हणून जाणवतही नाही, इतकी ती बाई आपली वाटते.

पायांत मन रमलं नाही तर दुसरा विषय सांगतो, जरा अवघड आहे. पेत्राचा नकार. येशूला पकडून नेल्यावर, कोंबडा आरवायच्या आत पेत्र तीनदा म्हणतो, मी याला ओळखत नाही. अंगणात विस्तव पेटलेला, तो शेकत उभा, आणि एक दासी त्या उजेडात त्याच्याकडं निरखून बघते. हा उजेड तुम्हाला गुऱ्हाळावर मिळेल. हंगाम चालू असेल तर पहाटे अंधारात जा. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या माणसाचा चेहरा बघा. उजेड खालून येतो, हनुवटी आणि नाकपुड्या तांबड्या होतात, डोळ्यांच्या खोबणी काळ्याच राहतात. मध्येच काहिलीतली वाफ आडवी येते आणि चेहरा पुसून जातो. फोटो काढू नका, मोबाईल तो काळोख उगाच उजळ करून टाकतो. तिथंच कोळशानं काढा. कोंबडा आरवायची वेळही तीच.

पायांचं चित्र धरलंत तर चर्चच्या कमिटीला कच्चं स्केच आधीच दाखवा. येशूचा चेहरा खाली वाकलेला, जवळजवळ न दिसणारा असणार, आणि ‘चेहरा कुठाय?’ हा प्रश्न शंभर टक्के येणार. तो रंग वाळल्यावर येण्यापेक्षा आत्ताच आलेला बरा.