होडी घरी ठेवायची नाही, मग कुठे?

प्रश्न : माझ्याकडे १४ फुटी फायबरची होडी, ट्रेलर आणि आउटबोर्ड (मागच्या बाजूला बाहेरून बसवलेले) इंजिन आहे. वसाहतीच्या नियमावलीतल्या ‘होड्या व ट्रेलर आवारात उभे करू नयेत’ या कलमावर बोट ठेवून समितीने नोटीस दिली आहे. होडी विकायची नाही. उघडी जागा भाड्याने घ्यावी, छपराखालची घ्यावी, की होडी पाण्यातच बांधून ठेवावी?

उत्तर : नोटिशीला उत्तर देण्याआधी ते कलम शब्दन् शब्द वाचा. काही नियमावल्यांत होडी ठेवायलाच बंदी असते, काहींत ती रस्त्यावरून ‘दिसेल अशी’ ठेवायला. दुसरा प्रकार असेल तर बंद गॅरेजचा मार्ग मोकळा राहतो. धुण्यासाठी आणि सामान चढवण्या-उतरवण्यासाठी एखाद-दोन दिवसांची मुभा आहे का, तेही पाहा. ती मिळाली तर पाण्यावरून परतताना इंजिन घरीच गोड्या पाण्याने धुता येते. जे ठरेल ते लेखी घ्या. तोंडी परवानगी समिती बदलेपर्यंतच टिकते.

गॅरेजचा विचार असेल तर माप होडीचे नव्हे, ट्रेलरसकट घ्या. पुढचा दांडा आणि मागचे इंजिन धरून १४ फुटांचे सहज १७-१८ फूट होतात. बिजागरीवर वळणारा दांडा बसवला की दोनेक फूट वाचतात. इंजिन वर उचललेले न ठेवता खाली सोडले की आणखी थोडी जागा मिळते, शिवाय आतले पाणी निथळते. मात्र त्याचा खालचा पंखा जमिनीला टेकता कामा नये.

हे जमले नाही तर भाड्याची जागा. पाण्यात बांधून ठेवणे हा एवढ्या होडीसाठी शेवटचा पर्याय समजा. सतत पाण्यात राहिलेल्या बुडावर शेवाळ आणि शिंपले धरतात, फायबरच्या थरात पाणी मुरून फोड येतात, आणि आत झिरपलेले पाणी उपसणारा पंप बॅटरीवर अवलंबून असतो. बॅटरी संपली की होडी बसली.

उघडी की छपराखालची, या वादात लोक अंतर विसरतात. आमचे स्पष्ट मत असे की, तासाभराच्या वाटेवरच्या शेडपेक्षा दहा मिनिटांवरची उघडी जागा बरी. उभ्या होडीचे नुकसान बहुधा साचलेल्या पाण्याने होते आणि ते वेळेत दिसले तर टळते. हिशेब करून पाहा. होडीचा वरचा पसारा साधारण ६ चौरस मीटर. पाणी निघून जाण्यासाठी बुडात असलेल्या भोकाचे बूच लावलेले राहिले, आच्छादन फाटले आणि १० सेंटीमीटर पाऊस आत साठला, तर ते ६०० लिटर पाणी, म्हणजे ६०० किलो. ट्रेलर एवढ्या वजनासाठी बांधलेला नसतो. स्प्रिंगा बसतात, टायर फुटतात, तळफळीखालचा, होडी तरंगती ठेवणारा फोम भिजतो, आणि भिजलेला फोम सहजी वाळत नाही.

म्हणून बुडाचे बूच काढा आणि किल्लीलाच बांधून ठेवा, म्हणजे पाण्यात उतरताना ते लावायचे राहणार नाही. ट्रेलरचा पुढचा जॅक वर घेऊन नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाच-सहा इंच उंच करा. एक बादली पाणी आत ओतून ते सगळे भोकातून बाहेर येते का, हे जागेवरच तपासा. दर दोन-तीन आठवड्यांनी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर चक्कर मारा. त्या भोकात अडकलेले एक पान पुरेसे असते.

आच्छादनासाठी हवा खेळणारे जाड कापड घ्या. प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त पडते, पण ती उन्हाने कुजते, वाऱ्याने फडफडून फायबरची चकाकी घासते आणि आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. कापड सपाट ताणू नका. मध्यभागी नाळेपासून मागेपर्यंत आडवी काठी टेकूंवर बसवून घराच्या छपरासारखा उतार करा. नाहीतर खळगा पडतो, त्यात पाणी साठते आणि त्या वजनाने खळगा वाढतच जातो. दोऱ्या ट्रेलरच्या चौकटीला बांधा.

करारावर सही करण्यापूर्वी गाडीला ट्रेलर लावूनच जागेवर जाऊन या. फाटकातून आत जाणे सोपे असते. रांगेत मागे घेत लावताना समोर वळायला जागा उरत नाही. फाटक कोणत्या वेळी उघडे असते, जागा सोडताना किती दिवस आधी कळवायचे आणि थकबाकी राहिल्यास होडी अडवून धरतात का, हे विचारा. घराबाहेरच्या पत्त्यावर, ट्रेलरवर उभ्या होडीला विमा लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. जागामालक बहुधा नुकसानीची जबाबदारी घेत नाही.

प्रश्न : बंद खोलीची जागा मिळते आहे, पण तिथे पेट्रोल ठेवायला मनाई आहे. टाकी रिकामी केली की झाले ना? आणि बॅटरीचे काय?

उत्तर : टाकी सुटी असेल तर ती होडीबरोबर ठेवूच नका. पण टाकी काढल्यावरही इंजिनच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उरते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची जोडणी चालू ठेवून इंजिन सुरू करा, पेट्रोलची नळी काढा आणि ते आपोआप बंद पडू द्या. मग कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले भांड्यात घ्या. पाण्याशिवाय इंजिन चालवू नका. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा पाहता पाहता जळतो.

टाकी होडीतच बांधलेली असेल तर जागामालकाशी आधी स्पष्ट बोला. त्याची हरकत नसेल तर ती जवळजवळ भरून ठेवा, प्रसरणापुरती थोडी जागा सोडा आणि इंधन टिकवणारे रसायन बाटलीवरच्या प्रमाणात घाला. त्यानंतर इंजिन दहा मिनिटे चालवले तरच ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते. अर्धवट टाकीतल्या हवेत दमटपणा असतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषते आणि ते प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते.

हात पोहोचलाच आहे तर गिअरचे तेलही बदला. ते दुधासारखे पांढुरके निघाले तर पाणी रोखणारे सील गळते आहे. नवे तेल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा. वरून ओतल्यास आत हवा अडकते.

बॅटरी काढून घरी न्या. ऋण तार आधी सोडायची. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची साधी बॅटरी काही तास तशीच ठेवल्यावर १२.६ किंवा जास्त दाखवते, १२.४ च्या खाली आली की चार्ज करा. रिकामी पडून राहिलेली बॅटरी पुन्हा पुरती सावरत नाही. आणि छोटे इंजिन एकट्याने उचलता येत असेल तर तेही घरी न्या, कारण समितीची हरकत होडीला आहे, इंजिनला नाही. ते उभेच ठेवा. आडवे करावेच लागले तर पुस्तिकेत सांगितलेल्या कुशीवर करा; चुकीच्या कुशीवर चार स्ट्रोक इंजिनचे तेल सिलिंडरमध्ये उतरते.

प्रश्न : प्लास्टिकची कायाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) गॅरेजच्या छताला दोन्ही टोकांच्या कड्यांनी टांगली होती. आता बुड वाकले आहे. दुरुस्त होईल का?

उत्तर : कायाकचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, सतत भार पडला की हळूहळू आकार सोडते, उकाड्यात अधिकच. कडी उचलून नेण्यासाठी असते, टांगण्यासाठी नाही. कायाक उलटी करून काही तास उन्हात ठेवा; बरेचसे पोचे आपसूक भरतात, राहिलेला आतून हाताने हळूच दाबा. यापुढे दोन इंच रुंद पट्टे घ्या, प्रत्येक टोकापासून सुमारे पाव लांबीवर लावा, आणि शक्य असल्यास कायाक कुशीवर ठेवा. हुक छताच्या तुळईतच हवेत, पातळ तक्त्यात नव्हेत.

प्रश्न : ट्रेलर वर्षभर एकाच जागी उभा राहणार आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : पाण्यातून आल्यावर लगेच उभा करून विसरू नका. गरम हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचले जाते. मग बेअरिंग गंजते. ग्रीस बदलूनच ट्रेलर ठेवा. चौकटीखाली स्टँड लावून टायरांवरचा भार काढा, चाकांना अडणीचे ठोकळे लावा, टायर कापडाने झाका. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. सहा वर्षे उलटली असतील तर नक्षी शाबूत दिसली तरी टायर बदला, कारण ट्रेलरचा टायर झिजण्याआधी तडकतो.

चोरी टाळण्यासाठी दांड्याला कुलूप आणि चाकाला शिकंजा, दोन्ही हवेत. एक चाक काढून घरी नेणे याहून खात्रीचे, पण आधी जागामालकाला विचारा. आग लागली तर त्याला ट्रेलर ओढून बाजूला करता यायला हवा.