वचन मिळाले आहे, मग आशा का डळमळते?

प्रश्न : माझी आई बराच काळ अंथरुणाला खिळून आहे. तिचे आजारपण सुरू झाले तेव्हा आपल्याविषयी देवाच्या मनात हिताचे संकल्प आहेत असे सांगणारे बायबलमधील यिर्मया २९:११ हे वचन मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. तिला जरा बरे वाटले की माझा विश्वास भक्कम होतो. त्रास वाढला की तेच पान उघडवत नाही. मंडळीतील काही जण म्हणतात, माझाच विश्वास उणा पडतो. देवाच्या अभिवचनांवर स्थिर आशा ठेवावी तरी कशी?

उत्तर : आपला विश्वास कमी म्हणून आईचे दुखणे लांबले, हा भार आधी मनावरून उतरवून ठेवा. पौलाने आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले. काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाले (२ करिंथ १२:८-९). त्याचा विश्वास उणा होता असे कोण म्हणेल?

आता तुमच्या वहीतील वचनाविषयी. ते एका पत्रातील आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने ते पत्र धाडले आणि या वचनाच्या अगदी आधी, बाबेलची ७० वर्षे भरल्यावर परमेश्वर त्यांना परत आणील, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना मायभूमी पुन्हा दिसणार नव्हती, तरीही वचन त्यांच्यासाठी होतेच. त्याआधीचा, २८ वा अध्यायही अवश्य वाचा. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने सर्व लोकांसमक्ष, बाबेलच्या सत्तेखाली राहावे लागेल याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले जू काढून मोडले आणि दोन वर्षांत बाबेलची सत्ता अशीच मोडेल, असे जाहीर केले. त्याचे दोन वर्षांचे भाकीत ऐकून यिर्मया प्रथम म्हणाला, ‘आमेन, परमेश्वर असेच करो!’ सुटका लवकर व्हावी असे त्यालाही वाटत होते. पण देवाने न दिलेली मुदत देवाच्या नावावर खपवणे त्याला मान्य नव्हते. आपली आशा पुष्कळदा इथेच खचते, असे मला वाटते. वचन देवाचे असते, त्याला जोडलेली तारीख मात्र आपण घातलेली असते, आणि ती टळली की देवानेच शब्द फिरवला असे आपल्याला वाटू लागते.

मग वाट पाहायची म्हणजे काय करायचे? त्याच पत्रात बंदिवानांना घरे बांधायला, मळे लावून त्यांचे फळ खायला, मुलामुलींची लग्ने करायला आणि परक्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. तुम्ही आईची कूस बदलता, औषधाची वेळ पाळता, तिच्या उशाशी बसून स्तोत्र वाचता, हे त्याच आज्ञापालनाच्या जातीचे आहे. त्यात आशा नाही असे समजू नका.

या आशेचा आधार आईच्या प्रकृतीतील चढउतारांत नाही. पेत्राने ज्या ‘जिवंत आशे’विषयी लिहिले, ती येशू ख्रिस्ताच्या मेलेल्यांतून पुन्हा उठण्याने मिळालेली आहे (१ पेत्र १:३), आणि ती घटना तुमच्या बऱ्यावाईट दिवसांमुळे बदलत नाही. आई बरी व्हावी म्हणून मोकळेपणाने मागत राहा, उपचार चालू ठेवा. आणि ती बरी झाली नाही तरी ख्रिस्ताचे पुनरुत्थान तिच्यासाठीही आहे, हे तिच्याशी बोलायला कचरू नका. ज्या दिवशी ते पान उघडवणार नाही, त्या दिवशी ४२ वे स्तोत्र वाचा. त्यात भक्त स्वतःच्याच खिन्न जिवाला प्रश्न विचारतो, रडतो आणि देवाची आशा धरायला सांगतो. पुढे तीच खिन्नता पुन्हा येते आणि तो तेच पुन्हा सांगतो. मंडळीतील एखाद्या विश्वासू व्यक्तीला आठवड्यातून एकदा घरी बोलवा, म्हणजे तुम्ही थकाल तेव्हा तुमच्या वतीने कोणीतरी प्रार्थना करील.